सोसायटीच्या गच्चीवर सीस्टार एस५०: मुंबईच्या उजेडात पैसे कितपत वसूल?

परसदारी सरकत्या छपराची वेधशाळा बांधायची तर आधी परसदार हवं. मुंबईत ते नाही, म्हणून इथल्या हौशी आकाशनिरीक्षकाची वेधशाळा म्हणजे सोसायटीची गच्ची, तीही कमिटीच्या मर्जीने आणि पाण्याच्या टाक्यांमधून उरेल तेवढी. तिथे न्यायचं यंत्र एका हातात जिना चढलं पाहिजे, दहा मिनिटांत उभं राहिलं पाहिजे आणि वॉचमन कुलूप लावायच्या आत खाली आलं पाहिजे. झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस५० ही २०२३ मध्ये आलेली दुर्बीण या तिन्ही अटींत बसते. खरा प्रश्न एवढाच, की मुंबईच्या आकाशात तिला दिसणार काय.

निकाल आधीच सांगून टाकू. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या उजेडाने चमकणारे तेजोमेघ, तारकागुच्छ, चंद्र आणि सूर्य यांसाठी घेत असाल तर जरूर घ्या. दीर्घिकांसाठी घेत असाल तर ते पैसे मुरबाड-माळशेजसारख्या काळोख्या जागांच्या फेऱ्यांसाठी बाजूला ठेवा. ग्रहांसाठी मात्र अजिबात घेऊ नका. का, ते पुढे येतंच.

यंत्रात काय आहे

५० मिमी व्यासाचं तिहेरी एपोक्रोमॅटिक (ताऱ्यांभोवती रंगांची झालर येऊ न देणारं) भिंग, २५० मिमी नाभीय अंतर, म्हणजे एफ/५. मागे सोनीचा आयएमएक्स४६२ सेन्सर, १९२० बाय १०८० पिक्सेलचा, प्रत्येक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. डोळा लावायला आयपीस नाही. जे काही दिसतं ते फोनवर. एका पिक्सेलमध्ये आकाशाचा सुमारे २.४ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तुकडा मावतो आणि फ्रेम उभी असते, साधारण १.३ अंश उंच आणि ०.७३ अंश रुंद. यावरून ग्रहांचा हिशेब कागदावरच संपतो. गुरू ४५ विकलांचा असताना त्याची तबकडी जेमतेम १९ पिक्सेलची भरते, शनीची आठ. चंद्राचा व्यास मात्र ७८० पिक्सेलच्या आसपास येतो आणि तो फ्रेममध्ये ऐसपैस बसतो. ग्रह बघायचे असतील तर सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, घ्यावी. तिला मुंबईच्या उजेडाने काडीचाही फरक पडत नाही.

वजन अडीच किलोच्या आसपास. बॅटरी ६००० एमएएचची, कंपनी सहा तास सांगते; दव हटवणारा हीटर चालू ठेवला की त्यातून बरीच वजाबाकी होते. यूएसबी-सीवर चार्ज होत असल्यामुळे २०,००० एमएएचची पॉवर बँक ट्रायपॉडच्या पायाशी ठेवली की रात्रीची चिंता मिटते. साठवण ६४ जीबी. सूर्याचा फिल्टर सोबत मिळतो. तो पुढून बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही, याला अपवाद नाही.

मुंबईचं आकाश किती उजळ

अमेरिकी हौशी आकाशनिरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या नऊ पायऱ्यांच्या श्रेणीत (नववी सर्वांत उजळ) मुंबई आठ-नऊमध्ये येते. नवव्या पायरीवर नुसत्या डोळ्यांना चौथ्या प्रतीपलीकडचे तारे दिसत नाहीत (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका उजेड कमी). पण दुर्बिणीचा हिशेब मांडायला श्रेणीपेक्षा आकाशाची तेजस्विता कामाची. ती दर चौरस विकलेमागे प्रतीत मोजतात. अगदी काळोख्या, कृत्रिम उजेड नसलेल्या जागी हा आकडा २२ च्या जवळ असतो. मुंबईच्या मध्यवस्तीत १७ ते १८ धरून चाला. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. साडेचार प्रतींचा म्हणजे सुमारे ६३ पट. इतक्या उजळ आकाशात चित्रातला खरबरीतपणा पार्श्वभूमीच्या उजेडातूनच येतो, त्यामुळे फिल्टरशिवाय तेवढंच स्वच्छ चित्र हवं असेल तर एक्स्पोजरचा एकूण वेळही तितक्याच पटीत वाढतो. काळोखातला एक तास म्हणजे दादरच्या गच्चीवरचे ६३ तास. एकविसाच्या आकाशाखाली गाडी घेऊन गेलात तरी पंचवीस पटींचा फायदा आहे. दीर्घिकांसाठी गाडीच्या पेट्रोलवर खर्च करा म्हणतो ते याच कारणाने.

लाइट पोल्यूशन मॅपवरच्या रंगांवर फार विसंबू नका. त्यामागचं उपग्रहाचं मोजमाप ५०० ते ९०० नॅनोमीटरमधलं असतं. पांढऱ्या एलईडीचा निळा भाग ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे उपग्रहाला तो दिसतच नाही. सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले तर नकाशावर ती जागा थोडी मंद झाल्यासारखी वाटू शकते, प्रत्यक्षात आकाश जास्त उजळलेलं असतं. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त पसरवतात. ४५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडियमच्या ५८९ पेक्षा जवळपास तिप्पट विखुरतो. २०१५ साली मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लागले तेव्हा सगळा वाद राणीच्या हाराच्या शोभेवरून झाला. आकाशाच्या बाजूने बोलणारे अर्थातच थोडे होते.

आपल्या गच्चीचा आकडा हवा असेल तर युनिहेड्रॉनचा एसक्यूएम-एल हा छोटा मीटर मिळतो. त्याचा पाहण्याचा कोन सुमारे २० अंशांचा आहे. थेट दिवा त्या कोनात येऊ न देता तो सरळ डोक्यावर धरायचा आणि चंद्र मावळल्यावर वाचन घ्यायचं. दुर्बीण घेण्यासाठी मात्र हा मीटर लागत नाही. शेजारच्या इमारतीचा हॅलोजन, होर्डिंगचा फोकस आणि गच्चीच्या दाराशी असलेली ट्यूब यांनी होणारं नुकसान मोजायला मीटर कशाला? ते चित्रात एका कोपऱ्यातून चढत आलेल्या उजेडाच्या पट्ट्यासारखं सरळ दिसतं.

फिल्टर, म्हणजे पैसे कुठे वसूल होतात

एस५० च्या आत फिल्टर बदलणारी यंत्रणा आहे. त्यातला दुहेरी पट्ट्याचा फिल्टर ऑक्सिजनच्या रेषेभोवती सुमारे ३० नॅनोमीटर आणि हायड्रोजन-अल्फा या हायड्रोजनच्या लाल रेषेभोवती सुमारे २० नॅनोमीटर एवढाच प्रकाश आत सोडतो. दृश्य वर्णपट ३०० नॅनोमीटरचा धरला तर ढोबळमानाने आकाशाचा सहा भागांतला एक भाग आत येतो. तेजोमेघाचा प्रकाश मात्र ५००.७ आणि ६५६.३ नॅनोमीटरच्या अरुंद रेषांत एकवटलेला असल्यामुळे जवळपास पूर्ण आत येतो. एलईडीच्या वर्णपटात निळ्या शिखरानंतर ४८० च्या आसपास एक खळगा असतो आणि ६५६ पर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर ओसरलेला असतो, म्हणून प्रत्यक्षातला फायदा या सहापटीपेक्षा थोडा जास्तच निघतो. सोडियम-पाऱ्याच्या दिव्यांच्या काळात बनवलेले रुंद सीएलएस प्रकारचे फिल्टर एलईडीच्या अखंड वर्णपटापुढे लंगडे पडतात. ते जुन्या दुर्बिणीसाठी स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत.

हा फिल्टर कधी लावायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकत्र उजेड, तो सगळ्या वर्णपटात पसरलेला. फिल्टर लावला की आकाशासोबत दीर्घिकाही कापली जाते. कृत्तिकांभोवतीचा निळा मेघ नुसता ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करतो, त्याचंही तेच. तारकागुच्छांना फिल्टर नको, ताऱ्यांचे रंग जातात. ॲप काही वेळा स्वतःहून फिल्टर लावतं, म्हणून सुरुवात करण्याआधी एलपीचं (लाइट पोल्यूशन फिल्टरचं) बटण बघून घ्यावं.

बाजारात सात नॅनोमीटरचे अरुंद फिल्टर आहेत, ऑप्टोलाँग एल-एक्स्ट्रीम त्यातला नावाजलेला. तो भिंगाच्या पुढे बसवायचे अडॅप्टर थ्रीडी प्रिंट करून मिळतात. दोन इंची फिल्टरचं मोकळं छिद्र ४५-४६ मिमीचं, म्हणजे ५० मिमी भिंगातला साधारण सहावा हिस्सा प्रकाश कडेलाच अडतो. आकाश आणखी साडेतीन पट काळं होतं खरं, पण यंत्र दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम घेऊन त्या एकत्र करतं, आणि मग अशा एकेका फ्रेममध्ये आकाशाचा उजेड इतका कमी उरतो की सेन्सरचा स्वतःचा नॉइज (खरबरीतपणा) डोकं वर काढतो. तो दाबायला वीस-तीस सेकंदांच्या फ्रेम हव्यात. त्या घ्यायला गेलं की फ्रेम फिरायला लागते आणि एका खर्चातून दुसरा निघतो. आतला फिल्टर मुंबईला पुरेसा आहे.

दहा सेकंद का, आणि इक्वेटोरियल मोडचं काय

ही दुर्बीण उन्नतांश-दिगंश पद्धतीने, म्हणजे वर-खाली आणि आडवी, फिरते. तारा मध्यावर धरून ठेवते, पण बाकीचं आकाश त्याच्याभोवती हळूहळू वळतं. हे वळणं अक्षांश, दिशा आणि उंचीवर ठरतं. १९ अंश अक्षांशावर बरोबर दक्षिणेला ४५ अंश उंचीवरचा तेजोमेघ दहा सेकंदांत फ्रेमच्या कोपऱ्यात एक पिक्सेल सरकतो. हे चालतं. तोच ७५ अंशांवर असेल तर तीन पिक्सेल, आणि तिथे तीस सेकंदांची फ्रेम घेतली तर नऊ. कोपऱ्यातले तारे रेघा होतात. बरोबर पूर्वेला किंवा पश्चिमेला हे वळण जवळपास शून्य असतं.

मुंबईत कृत्तिका ८५ अंशांवर जातात, डंबेल तेजोमेघ ८६ वर, वृषभेतला खेकडा (क्रॅब) तेजोमेघ ८७ वर. हे सगळे डोक्यावर असताना टिपायचे नाहीत. ते पूर्वेकडून जवळपास सरळ चढतात आणि पश्चिमेकडे सरळ उतरतात, तेव्हा ३५ ते ६५ अंशांमध्ये असताना घ्यायचे. पूर्वेला ठाणे आणि नवी मुंबईचा उजेड आहे. वांद्रे, वर्सोवा, दादर चौपाटीच्या बाजूच्या इमारतींना पश्चिमेला समुद्र आहे, तिथे दिवे नाहीत. माथा ओलांडून पश्चिमेला झुकल्यावर घेतलेली चित्रं या पट्ट्यात बहुधा उजवी येतात.

२०२५ मध्ये आलेल्या फर्मवेअरने इक्वेटोरियल मोड दिला: अक्ष ध्रुवाकडे रोखून फिरायचं, म्हणजे फ्रेम वळत नाही. परदेशी चाचण्यांत त्याचं कौतुक असतं, कारण तिथले अक्षांश ४०-५० चे. मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १९ अंश वर. दुर्बिणीचा अक्ष तिकडे वळवायचा म्हणजे उभ्या यंत्राला ७१ अंश कलवून जवळपास आडवं पाडायचं. सोबतच्या छोट्या ट्रायपॉडवर हे शक्यच नाही. मोठा ट्रायपॉड, ध्रुवाकडे कलवता येणारा मजबूत वेज आणि एक पाय नेमका उत्तरेला, एवढं केलं नाही तर अडीच किलो उत्तरेकडे झुकून सगळं आडवं होईल. बॉल हेडवर तर हा उद्योग करूच नये, अर्ध्या रात्रीत ते घसरतं. आणि एवढं करून मिळवायचं काय? मुंबईच्या आकाशात, आतला फिल्टर लावूनही, दहा सेकंदांत आकाशाचा नॉइज सेन्सरच्या नॉइजला झाकून टाकतो. मग ३६० फ्रेम दहा सेकंदांच्या घेतल्या काय आणि १२० फ्रेम तीस सेकंदांच्या घेतल्या काय, तासाच्या शेवटी चित्र सारखंच. काळोख्या गावी नेणार असाल तर इक्वेटोरियलचा विचार करा. गच्चीसाठी नको.

गच्चीची मांडणी

जागा निवडताना स्लॅबचा मध्य टाळा. चार माणसं चालली तरी तो हलतो आणि फ्रेम बाद होतात. खालून आलेला खांब जिथे वर संपतो त्याच्या डोक्यावर ट्रायपॉड ठेवा. लिफ्टची मशीन रूम आणि पाण्याचा पंप यांपासून जितकं लांब जाता येईल तितकं जावं. पंपाची वेळ वॉचमनला विचारून ठेवलेली बरी. चायना मोझाइक आणि त्याखालच्या ब्रिकबॅट कोब्यात ड्रिल मारून पायर (दुर्बिणीचा पक्का खांब) रोवण्याचा मोह अजिबात नको. वॉटरप्रूफिंग फुटलं तर वरच्या मजल्याच्या छतात गळती, आणि पुढच्या एजीएममध्ये दुर्बिणीचाच विषय पहिला. त्याऐवजी ४५० बाय ४५० मिमीचा कडप्प्याचा तुकडा, खाली चार रबरी पॅड आणि वर ट्रायपॉडच्या पायांच्या तीन खुणा रंगवलेल्या. वेधशाळेचा पायर एवढाच. पुढच्या वेळी त्याच खुणांवर पाय पडले की समतल करण्यात वेळ जात नाही.

उत्तर दिशा शोधायला यंत्रात कंपास आहे आणि आरसीसीतल्या सळया, लोखंडी कठडा, डिश अँटेना हे सगळे त्याचे शत्रू. कंपास दोन-तीनदा कॅलिब्रेट करा, कठड्यापासून दोन मीटर दूर राहा, समतल अर्ध्या अंशाच्या आत आणा. पहिलाच नेम चुकीच्या इमारतीवर गेला तर यंत्राला तारे सापडत नाहीत आणि ॲप नुसतं गोल फिरत बसतं. अशा वेळी आधी एखाद्या मोकळ्या दिशेतला ठळक तारा निवडावा. तारे ओळखून जागा पक्की झाली की पुढचे नेम बरोबर लागतात.

थेट दिवे अडवायला एक इंची पीव्हीसी पाइपचा दीड मीटर उंच चौकटीचा आडोसा आणि त्यावर काळी ताडपत्री, दोनच बाजूंना. चारही बाजू झाकल्या तर वाऱ्याचं शीड होतं. भिंगापुढे काळ्या ईव्हीए फोमशीटची ७५ ते १०० मिमी लांब नळी गुंडाळली की कडेचा उजेड बराच कमी होतो. फक्त यंत्र बंद करण्याआधी ती न विसरता काढायची; दुर्बिणीचा हात मिटून खाली जातो तेव्हा नळी अडकते आणि मोटरवर जोर येतो.

स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि मध्यरात्रीपर्यंत गरम हवा सोडत राहतो. २.४ विकलांच्या पिक्सेलला त्याचा तेजोमेघांसाठी फारसा त्रास नाही, चंद्राच्या कडा मात्र उकळताना दिसतात. चंद्र उशिरा घ्या.

वायफायची रेंज दोन स्लॅब खाली पोचत नाही. घरचं नेटवर्क जोडायची सोय आहे, त्यासाठी गच्चीच्या दाराशी एक एक्स्टेंडर लावावा लागतो. एकदा काम सुरू झालं की फोनचा संपर्क तुटला तरी यंत्र चित्रं घेत राहतं.

काय, कधी, किती वेळ

खरा हंगाम ऑक्टोबरचा शेवट ते मार्च. कोजागिरीला गच्चीवर दूध आटतं तेव्हा चंद्र पूर्ण असतो आणि सगळी सोसायटी वर, त्या दिवशी दुर्बिणीवर फक्त चंद्र दाखवावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी डंबेल आणि हंसातला बुरखा (व्हेल) तेजोमेघ. डिसेंबर ते फेब्रुवारीत मृगातला महातेजोमेघ, मुंबईतून ६५ अंशांवर जातो. तासाभरात गाभ्यापासून पंखांपर्यंत दिसतो आणि चंद्र असतानाही फिल्टरसह चालतो. त्याच नक्षत्रातला हॉर्सहेड, दोन ते तीन तास. शृंगाश्वातला रोझेट फ्रेमपेक्षा मोठा, त्याला मोझेक मोड लावा आणि वेळ दुप्पट धरा. धनूतला लगून आणि त्याच्या वरचे एम१६, एम१७ हे तेजोमेघ पावसाळ्यात रात्री सर्वांत उंच येतात, म्हणून त्यांच्यासाठी एप्रिल-मेची मध्यरात्रीनंतरची वेळ गाठावी लागते. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आपल्याला २३ अंशांवर मिळतो, युरोपातल्या बहुतेकांना मिळतच नाही. एप्रिलमध्ये दक्षिणेला समुद्र असेल तर फिल्टर न लावता वीस मिनिटं पुरतात. देवयानी दीर्घिकेचा गाभा येतो, भुजा येत नाहीत. एम३३ या दीर्घिकेला हात लावू नये.

डिसेंबर-जानेवारीत जमिनीवरून वारा येतो तेव्हा धुरकं साचतं आणि तोच धूर दिव्यांचा उजेड परत खाली फेकतो. हवेचा निर्देशांक वाईट असलेल्या रात्री ४० अंशांखाली काहीही घेण्यात अर्थ नाही. दिवाळीचा आठवडा सोडूनच द्यावा.

ॲपमध्ये प्रत्येक फ्रेम साठवण्याचा पर्याय सुरू ठेवा. एक फ्रेम सुमारे ४ एमबीची, तासाला दीड जीबी. ॲपचं आयतं चित्र बरं असतं, पण मुंबईच्या चित्रात उजेडाचा उतार राहतोच. सिरिल आणि ग्रॅक्सपर्ट ही दोन मोफत सॉफ्टवेअर तो उतार काढतात. वेगवेगळ्या रात्रींच्या फ्रेम एकत्र करायलाही सिरिलच.

जून ते सप्टेंबर यंत्र डब्यात. घरातल्या कपाटात नुसतं ठेवलं तर भिंगावर बुरशी धरते, आणि बुरशीने काचेवरचा थर खाल्ला की तो परत येत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल अर्धा किलो आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. साठाच्या वर गेला की जेल मंद आचेच्या ओव्हनमध्ये सुकवून परत भरायचं. बॅटरी अर्धी भरलेली ठेवा आणि दर महिन्याला एकदा बाहेर काढून पाहा. दुर्बीण जलरोधक नाही, त्यामुळे ऑक्टोबरात रात्री आभाळ फिरलं तर ताडपत्रीच्या भरवशावर न राहता ती उचलून जिन्यात आणायची.